जनुकाचा कित्ता

इ. स. २०२० साली करोनाच्या साथीत ‘आरटी-पीसीआर’ हे नाव घरोघरी पोचले. त्या वर्षीच्या जानेवारी अखेरीस भारतातील पहिल्या रुग्णाचे निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने केले, तेही याच चाचणीने. पुढे लाखो कुटुंबांनी तिच्या अहवालाची वाट पाहत रात्री काढल्या. ही चाचणी ज्या युक्तीवर उभी आहे ती कोणाची, असा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. पाठ्यपुस्तके एकच नाव सांगतात. इतिहास मात्र त्या एका नावापाशी थांबत नाही.

जनुक म्हणजे सजीवाच्या पेशीत लिहून ठेवलेली आज्ञा होय. ती डीएनए नामक रेणूत चार रासायनिक अक्षरांनी लिहिलेली असते. मानवी वारशाचा एक संच सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा आहे. एवढ्या ग्रंथात एका अक्षराची चूक ती केवढी! परंतु रक्तातील हीमोग्लोबिनच्या जनुकात एका ठरावीक जागी एकच अक्षर बदलले की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि सिकलसेल हा आजार जडतो. विदर्भातील आणि नंदुरबारकडील अनेक आदिवासी कुटुंबांना त्याच्या वेदना ठाऊक आहेत. ते एक अक्षर तीनशे कोटींत धुंडाळावे कसे? पीसीआरचे उत्तर असे की, धुंडाळत बसूच नये; ग्रंथातील तेवढ्याच ओळीच्या इतक्या नकला कराव्यात की बाकीचा ग्रंथ त्यांच्यापुढे नगण्य ठरावा.

नकला करण्याची सोय निसर्गाने मुळातच करून ठेवली आहे. डीएनए हा दोन पदरांच्या पिळलेल्या दोरीसारखा असतो. एका पदरातील प्रत्येक अक्षरासमोर दुसऱ्या पदरात ठरलेलेच अक्षर येते. म्हणून पदर सुटे केले तर प्रत्येक पदर हा दुसऱ्यासाठी कित्ता ठरतो. हा कित्ता गिरवणारे एन्झाइम, म्हणजे पॉलिमरेज, अमेरिकन शास्त्रज्ञ आर्थर कोर्नबर्ग यांनी १९५६ च्या सुमारास जिवाणूंतून वेगळे काढले आणि १९५९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या लेखनिकाची एक खोड आहे. कोऱ्या जागी तो आरंभ करीत नाही. आधी कोणी काही अक्षरे काढून दिली, तरच त्यापुढे तो लिहीत जातो. ती आरंभीची अक्षरे म्हणजे ‘प्रायमर’, प्रयोगशाळेत घडवलेला सुमारे वीस अक्षरांचा तुकडा.

युक्ती आहे ती या खोडीचाच उपयोग करून घेण्यात. हव्या त्या ओळीच्या दोन्ही टोकांसाठी दोन प्रायमर घ्यावेत, दोन्ही पदरांवर एक एक, परस्परांकडे तोंड केलेले. मिश्रण ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की दोरीचे पदर सुटतात. ते ५० ते ६० अंशांवर आणले की प्रायमर आपापल्या जागी बसतात. मग ७२ अंशांवर एन्झाइम लिहू लागते. एका फेरीत एकाचे दोन, दुसरीत चार, तिसरीत आठ. दहा फेऱ्यांत हजारावर, वीस फेऱ्यांत दहा लाखांवर आणि तीस फेऱ्यांत शंभर कोटींवर हिशेब जातो. आरंभीच्या नकला टोकापलीकडे वाहवत जातात खऱ्या. परंतु तिसऱ्या फेरीपासून नेमक्या मापाचे तुकडे तयार होऊ लागतात आणि पुढे त्यांचाच पूर येतो.

ही कल्पना १९७१ साली एका शास्त्रीय नियतकालिकात छापली गेली होती. तो निबंध हरगोविंद खोराना यांच्या प्रयोगशाळेतील होता आणि त्याचे प्रमुख लेखक होते नॉर्वेचे शेल क्लेप्पे. खोरानांचा जन्म १९२२ साली पंजाबातील रायपूर येथला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. शंभरेक माणसांच्या त्या वस्तीत लिहिता-वाचता येणारे जवळजवळ एकच कुटुंब होते, ते पटवारी असलेल्या त्यांच्या वडिलांचे. जनुकांची लिपी उलगडण्याच्या कार्याबद्दल १९६८ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाल्यावर खोराना एक संपूर्ण जनुक रसायनांपासून घडवण्याच्या उद्योगात होते. कष्टाने घडवलेले द्रव्य अत्यल्प असे. क्लेप्पे यांनी सुचवले, की दोन प्रायमर घालून तापवावे, थंड करावे, एन्झाइम घालावे आणि पुन्हा पुन्हा तेच करावे.

मग हे काम तेथेच का थांबले? त्या वेळी जनुकांची अक्षरे वाचण्याची सोयीची रीत नव्हती; फ्रेडरिक सँगर यांची पद्धत आली १९७७ साली. प्रायमर घडवणे हे महिनोगणतीचे काम होते. शिवाय प्रत्येक तापवणीत एन्झाइम निकामी होई. बी पेरले गेले होते, पण पाऊस यायचा होता.

तो आला १९८३ साली. सीटस या कॅलिफोर्नियातील कंपनीत कॅरी मलिस यांच्याकडे डीएनएचे लहान तुकडे बनवण्याचे काम होते. वसंतातील एका शुक्रवारी रात्री डोंगराळ रस्त्याने मोटार चालवीत असता ही कल्पना आपल्याला सुचली, असे त्यांनी पुढे सांगितले. सहकाऱ्यांना प्रथम ती इतकी सोपी वाटली की, एवढी उपयोगी गोष्ट आजवर कोणी केली कशी नाही, अशी शंका यावी. तिला खात्रीच्या पद्धतीचे रूप देण्यात रँडल सायकी, हेन्री अर्लिख, नॉर्मन आर्नहाइम, फ्रेड फलूना आणि आणखी काहींचे श्रम खर्ची पडले. डिसेंबर १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निबंधाचा विषय होता सिकलसेलचे निदान. वीस फेऱ्यांत त्यांना मूळच्या सुमारे दोन लाख वीस हजार पट नकला मिळाल्या.

एन्झाइमची अडचण मात्र उरलीच होती. दर फेरीला कोणीतरी नळीशी बसून नवे एन्झाइम घालायचे! तिचा परिहार झाला तो यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील उष्ण झऱ्यांमुळे. थॉमस ब्रॉक आणि त्यांचे विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी १९६६ साली तेथे सुमारे ७० अंशांच्या पाण्यात सुखाने राहणारा एक जिवाणू मिळवला आणि १९६९ साली ‘थर्मस अ‍ॅक्वाटिकस’ या नावाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. एवढ्या उष्णतेत जीव तगतो कसा, एवढेच त्यांचे कुतूहल होते. १९७६ साली अ‍ॅलिस च्येन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून उष्णता सोसणारे पॉलिमरेज काढले. १९८८ साली सीटसच्या मंडळींनी ते वापरून केलेले काम प्रसिद्ध झाले. आता नळी एकदा भरून यंत्रात ठेवावी आणि निश्चिंत व्हावे.

कीर्ती आणि धन यांची वाटणी अर्थातच समान झाली नाही. मलिस यांना कंपनीकडून दहा हजार डॉलर मिळाले; १९९१ साली कंपनीने पीसीआरचे हक्क तीस कोटी डॉलरना विकले. त्याच वर्षी ड्यूपाँ कंपनीने सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात १९७१ च्या निबंधाचा दाखला देऊन त्या हक्कांना आव्हान दिले. तिच्या बाजूने साक्ष देण्यास स्वतः कोर्नबर्ग उभे राहिले. पंचांनी निर्णय सीटसच्या बाजूने दिला. १९९३ साली मलिस यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ज्या झऱ्यातून तो जिवाणू आला, त्या उद्यानाच्या पदरी स्वामित्वधनाची एक कवडीही पडली नाही.

न्यायालयास एक मालक ठरवावा लागतो, म्हणून त्याने तो ठरवला. मलिस यांचे श्रेय खोटे आहे असे यावरून मुळीच ठरत नाही. छापलेल्या कल्पनेचे सामर्थ्य ओळखून तिच्यामागे हट्टाने लागणे, हेही थोडे नव्हे. परंतु जो एन्झाइम कोऱ्या जागी आरंभ करू शकत नाही, त्याच्यासारखीच माणसाची बुद्धीही आहे. आधी कोणीतरी दोन अक्षरे काढून दिलेली असावी लागतात. मलिस यांच्याआधी ती कोर्नबर्ग यांनी काढली होती, खोराना-क्लेप्पे यांनी काढली होती आणि ज्यांना औषधाचा वा पैशाचा विचारही शिवला नव्हता त्या ब्रॉक-फ्रीझ यांनी एका वाफाळत्या झऱ्याकाठी काढली होती. साथीच्या दिवसांत हातात पडलेल्या अहवालाच्या कागदावर यांपैकी एकाचेही नाव नव्हते. त्या कागदातील प्रत्येक शब्दामागे मात्र त्यांचा हात होता.