सात नावांची वही : सुरतेतील एक जुनी सभा आणि संस्था-नोंदणीचा कायदा

परप्रांतात आपली भाषा टिकवायची म्हटले की आपल्याकडे प्रथम सभेचा विचार होतो, नंतर वर्गणीचा आणि सर्वांत शेवटी नोंदणीचा. पुष्कळदा नोंदणीची पाळी येतच नाही. दोन-तीन गणेशोत्सव आणि एखादी शिवजयंती थाटात पार पडते. मग मुख्य कार्यकर्त्याची बदली होते आणि मंडळाचा फलक कोणाच्या तरी माळ्यावर जाऊन पडतो. यात उत्साह कमी पडला असे म्हणून चालणार नाही. संस्थेला तिच्या माणसांहून निराळे आयुष्य असते ही गोष्ट आपण मनोमन स्वीकारलेली नाही, हे त्याचे खरे कारण आहे. असे आयुष्य देणारा कायदा हिंदुस्थानात १८६० साली झाला. त्याआधीच्या दोन सभांचा इतिहास पाहिला म्हणजे त्या कायद्याचे मोल कळते. आणि त्यांतली पहिली सभा सुरतेत भरत असे.

सुरतेचा उल्लेख आम्ही हेतुपूर्वक करीत आहोत. सुरतेहून हजिऱ्याकडे निघाले की तापीच्या उत्तरेस इच्छापोर लागते. या नावातील ‘पोर’ पाहून मराठी वाचकाला मूल आठवेल. पण ते ‘पूर’ या शब्दाचेच दक्षिण गुजरातेतील रूप आहे, जसे जलालपोर. गाव जुने असले तरी हजिऱ्याचे कारखाने आणि हिऱ्यांच्या व्यवसायासाठी उभारलेली औद्योगिक वसाहत यांमुळे त्याचा परिसर पालटून गेला आहे. सुरत–भुसावळ लोहमार्गाने खानदेशातून पोटासाठी आलेला मराठी व अहिराणी बोलणारा समाज उधना आणि लिंबायत या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आहे. इच्छापोरसारख्या नव्या वस्तीत उद्या सात मराठी माणसे एकत्र बसली, तर त्यांनी काय करावे, हा या लेखाचा प्रश्न आहे.

‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ हा ग्रंथ १८३६ साली प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर आपल्याला व्याकरणकार म्हणून ठाऊक आहेत. हेच दादोबा १८४० नंतरच्या काही वर्षांत सुरतेच्या इंग्रजी शाळेत अध्यापक होते. तेथे त्यांची गाठ दुर्गाराम मंछाराम मेहताजी या तडफदार गुजराती शिक्षकाशी पडली. २२ जून १८४४ रोजी या दोघांनी काही सहकाऱ्यांसह मानवधर्म सभा स्थापन केली. दुर्गाराम, दादोबा, दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास अशी त्या पाच जणांची नावे; सर्वांचे आद्याक्षर ‘द’ असल्यामुळे गुजरातीत त्यांना ‘पाच दद्दा’ म्हणतात. जातिभेद, मूर्तिपूजा आणि मंत्रतंत्र यांवर ही सभा उघडपणे चर्चा करी. मंत्राने चमत्कार घडवतो म्हणणाऱ्याने सभेपुढे येऊन तो करून दाखवावा, असे जाहीर आव्हान ती देत असे. मराठी आणि गुजराती विद्वान एका सभेत शेजारी बसून विचार करीत होते, हे आज सीमेच्या दोन्ही बाजूंनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

ही सभा पुढे का राहिली नाही? १८४६ साली दादोबा मुंबईस गेले आणि सभेचे बळ ओसरले. १८५२ साली दुर्गाराम राजकोटला गेले आणि सभा संपली. तिला ना मालमत्ता होती, ना पदाधिकारी बदलण्याची रीत, ना कायद्याच्या दृष्टीने काही अस्तित्व. तिचे कार्य आज आपल्याला कळते ते दुर्गारामांनी आपल्या नित्यनोंदीत सभेचा वृत्तांत टिपून ठेवला म्हणून. त्या नोंदींच्या आधारे महीपतराम रूपराम यांनी त्यांचे चरित्र लिहिले. म्हणजे सभा गेली, पण तिचे इतिवृत्त उरले. लिहून ठेवलेली गोष्ट माणसांच्या बदल्यांना पुरून उरते, हा सुरतेचा पहिला धडा होय.

दुसरा धडा मुंबईचा. तेथे १८४९ साली दादोबांच्या प्रेरणेने परमहंस सभा सुरू झाली. जातिभेद मानणार नाही अशी शपथ सभासद घेत आणि तिची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खात. त्या काळी हे करणे म्हणजे वाळीत पडण्याची तयारी ठेवणे होते. म्हणून सभा गुप्त ठेवली गेली. सुधारणा मनापासून हवी, पण नाव बाहेर फुटू नये, अशी ही कोंडी होती. अकरा वर्षे ती झाकली गेली. १८६० साली सभेचे दप्तर चोरीस गेले, सभासदांची नावे बाहेर आली आणि भीतीपोटी सभा मोडली. सभासदांचे विचार काही एका रात्रीत बदलले नव्हते. नावांची यादी लोकांच्या हाती पडली एवढेच घडले होते.

त्याच वर्षी, २१ मे १८६० रोजी, संस्था नोंदणी अधिनियम संमत झाला. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. १८५४ साली इंग्लंडमध्ये वाङ्मयीन व शास्त्रीय संस्थांसाठी झालेल्या कायद्याच्या धर्तीवर तो रचलेला होता. तरीही हा योगायोग बोलका आहे. परमहंस सभा जिच्यामुळे मोडली तीच वस्तू, म्हणजे सभासदांची नावे, हा कायदा सर्वप्रथम मागतो. वाङ्मय, शास्त्र, कला, शिक्षण, वाचनालय किंवा धर्मादाय अशा हेतूने कोणत्याही सात किंवा अधिक व्यक्तींनी विधानपत्रावर सह्या करून ते निबंधकाकडे दाखल करावे. त्यात संस्थेचे नाव, तिची उद्दिष्टे आणि कार्यकारी मंडळातील प्रत्येकाचे नाव, पत्ता व व्यवसाय असावा. सोबत नियमावलीची प्रत असावी आणि ती खरी असल्याचे मंडळाच्या किमान तिघांनी प्रमाणित करावे. एवढ्यावर संस्था जन्मास येते.

नावे उघड करण्याच्या बदल्यात कायदा काय देतो, हे पाहिले पाहिजे. संस्थेच्या वतीने अध्यक्ष किंवा चिटणीस दावा लावू शकतो, आणि तो पदावरून गेला तरी दावा पडत नाही. त्याच्या जागी येणारा पुढे चालवतो. संस्थेविरुद्ध निकाल गेला तर वसुली संस्थेच्या मालमत्तेवर होते, पदाधिकाऱ्याच्या घरादारावर नाही. उद्दिष्ट बदलायचे असेल तर प्रस्ताव दहा दिवस आधी सभासदांना द्यावा लागतो, विशेष सभेत तीन-पंचमांश मते लागतात आणि एक महिन्यानंतर दुसऱ्या सभेत पुन्हा तितक्याच मतांनी तो कायम करावा लागतो. आणि संस्था विसर्जित झालीच, तर देणी भागवून उरलेले धन सभासदांना वाटून घेता येत नाही. ते दुसऱ्या संस्थेकडे जाते. ज्याने वर्गणी दिली त्याचा पैसा त्या कार्याचा झाला, हे तत्त्व या एका कलमात आहे.

या कायद्याचा उपयोग आपल्या माणसांनी किती जाणून केला, याचे उदाहरण पुण्यात आहे. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि या कायद्याखाली नोंदली गेली. टिळक आणि आगरकर तिच्या संस्थापकांपैकी. त्यांच्यात तीव्र मतभेद झाले, १८९० साली टिळकांनी राजीनामा दिला, १८९५ साली आगरकर निवर्तले. संस्था मात्र आजही चालू आहे. सुरतेची सभा दोन माणसांच्या बदल्यांनी संपली आणि पुण्याची संस्था एवढ्या मोठ्या माणसांच्या जाण्यानेही संपली नाही. कर्तृत्व दोन्हीकडे होते. पुण्यात त्याला घटना, आजीव सभासद आणि लेखी नियम यांचा आधार होता.

आता इच्छापोरकडे वळू. सुरत जिल्हा पूर्वी मुंबई राज्यात होता. त्या राज्याच्या विधिमंडळाने १९५० साली मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम केला. १ मे १९६० रोजी राज्य दुभंगले, डांगसारखे प्रदेश सीमेपलीकडे राहिले आणि त्याची सल आजही आहे. पण हा कायदा दोन्ही राज्यांत चालू राहिला. पुढे दोघांनी आपापल्या प्रतीच्या नावातून ‘मुंबई’ काढून आपल्या राज्याचे नाव घातले, तरी सांगाडा एकच आहे. त्यामुळे नंदुरबार किंवा धुळ्याच्या कार्यकर्त्याला जी रीत ठाऊक आहे, तीच थोड्या फरकाने सुरतेत चालते. १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली धर्मादाय संस्था ही सार्वजनिक न्यासही ठरते. म्हणून तिची दुसरी नोंदणी धर्मादाय कार्यालयात करावी लागते. हिशेबाची दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते. विश्वस्त बदलले किंवा पत्ता बदलला, तर नव्वद दिवसांत बदल-अहवाल द्यावा लागतो. स्थावर मालमत्ता विकायची झाल्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

यांतील बदल-अहवाल हा आमच्या अनुभवाने सर्वांत दुर्लक्षित कागद आहे. निवडणूक होते, हार घातले जातात, छायाचित्र निघते; पण सरकारी नोंदीत जुनेच मंडळ राहते. पंधरा वर्षांनी सभागृहाच्या जागेचा वाद उभा राहिला की कळते, नोंदीतील विश्वस्तांपैकी काही दिवंगत झालेले आहेत, काही गाव सोडून गेले आहेत आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या सहीला कागदोपत्री किंमत नाही. अशी संस्था बाहेरच्या कोणी बुडवावी लागत नाही.

भाषेचा प्रश्नही येथे येतो. गुजरातेत कार्यालयीन व्यवहार गुजरातीत चालतो, आणि दोन्ही भाषांत सारखे दिसणारे शब्द निराळा अर्थ देतात. आपली ‘घटना’ तेथे ‘बंधारण’ होते. आपला ‘चिटणीस’ तेथे ‘मंत्री’ असतो, त्यामुळे तीन खोल्यांच्या मंडळालाही मंत्री असतो. आपले ‘कार्यकारी मंडळ’ ते ‘कारोबारी’. ‘फेरफार’ म्हटले की आपल्याला तलाठ्याची नोंदवही आठवते. गुजरातीत बदल-अहवालालाच ‘फेरफार रिपोर्ट’ म्हणतात. ‘ठराव’ आणि ‘सभा’ मात्र दोघांचे समाईक. आमची सूचना अशी की नियमावली गुजरातीत दाखल करावी, तिची मराठी प्रत प्रत्येक सभासदाला द्यावी आणि सभेचे इतिवृत्त मराठीत व गुजरातीत ओळीने ओळ जुळेल असे लिहावे. यात मराठीचा कमीपणा नाही. दादोबा आणि दुर्गाराम एका सभेत बसत, तेव्हा दोन भाषांचा वावर त्यांना अडचण वाटला नव्हता.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. संविधानाच्या ३० व्या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे. अल्पसंख्य कोण हे राज्यनिहाय ठरवायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली टी. एम. ए. पै खटल्यात सांगितले. त्या न्यायाने गुजरातेतील मराठी भाषक अल्पसंख्य ठरतात. अनुच्छेद ३५०-क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयींविषयी आहे. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. त्या टिकाव्यात, नव्या वस्त्यांत तशा निघाव्यात, असे कोणाला मागायचे असेल, तर मागणारा कोण हा पहिला प्रश्न येतो. एकट्या पालकाचा अर्ज त्याचे मूल प्राथमिक शाळेतून बाहेर पडले की संपतो. नोंदणीकृत संस्थेचा अर्ज पुढच्या मुलांसाठीही उभा राहतो.

म्हणून इच्छापोर असो, वापी असो वा सीमाभागातले एखादे खेडे, आमचे सांगणे थोडक्यात असे : सात नावे मिळवा, पण ती निरनिराळ्या घरांतली असू द्या. उद्दिष्टे मोजकी आणि पेलतील अशी लिहा. पदाची मुदत नियमावलीतच घाला. वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा भरवा आणि तिचे इतिवृत्त त्याच आठवड्यात सहीनिशी पुरे करा. पावतीवाचून एक रुपयाही घेऊ नका. आणि मंडळ बदलले की नव्वद दिवस मोजायला लागा.

परमहंस सभेच्या काळी नाव उघड होण्याची भीती खरी होती. त्या माणसांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. आज मराठीसाठी आपले नाव, पत्ता व व्यवसाय लिहून खाली सही करायला तसले धैर्य लागत नाही, थोडी चिकाटी लागते. ती सात माणसांत असली, तरी कायद्याला पुरेशी आहे.