उद्याचे हप्ते, आजची रोकड आणि न्यायालयाची मोहोर

अपघातात कायमचे अपंगत्व आलेल्या व्यक्तीला भरपाईची रक्कम एकदम हाती द्यावी की आयुष्यभर थोडी थोडी द्यावी, हा प्रश्न अनेक देशांतील न्यायव्यवस्थांना पडलेला आहे. अमेरिकेत त्यातून हप्तेबंद भरपाईची पद्धत रूढ झाली. 'स्ट्रक्चर्ड सेटलमेंट' या नावाने ती ओळखली जाते. मात्र दरमहा येणारा हप्ता हीदेखील एक प्रकारची मालमत्ताच असल्याने ती विकू इच्छिणारे आणि ती विकत घेणारे, असे दोन्ही पक्ष लवकरच उभे राहिले. अशा विक्रीपूर्वी न्यायालयाची संमती घेण्याची व्यवस्था तेथे संघराज्याच्या व राज्यांच्या कायद्यांनी मिळून केली आहे. ही संमती कशी मिळते, न्यायाधीशांनी काय तपासणे अपेक्षित असते आणि ही तपासणी कोठे अपुरी पडते, हे समजून घेण्याजोगे आहे.

हप्तेबंद भरपाईचे स्वरूप

दाव्यात तडजोड झाली की प्रतिवादीची विमा कंपनी काही रक्कम रोख देते आणि उरलेल्या रकमेसाठी ठरावीक मुदतीचे हप्ते मान्य करते. हे हप्ते देण्याची जबाबदारी सहसा एका स्वतंत्र कंपनीकडे सोपविली जाते. ती कंपनी आयुर्विमा कंपनीकडून अ‍ॅन्युइटी, म्हणजेच वर्षासन, विकत घेते व त्यातून हप्ते चुकते होतात. काही हप्ते ठरावीक वर्षांपर्यंत हमखास मिळणारे असतात, तर काही लाभार्थी हयात असेपर्यंतच मिळतात. मुलाच्या शिक्षणाच्या वेळी किंवा एखाद्या शस्त्रक्रियेच्या सुमारास मोठी रक्कम मिळावी, अशीही रचना करता येते.

अमेरिकी काँग्रेसने १९८२ मध्ये संमत केलेल्या कायद्याने या पद्धतीला करसवलतीचे भक्कम पाठबळ दिले. शारीरिक इजेची भरपाई एकरकमी घेतली तरी ती करमुक्तच असते. परंतु ती गुंतविल्यावर मिळणाऱ्या व्याजावर प्राप्तिकर पडतो. हप्त्यांच्या बाबतीत मात्र त्यांत समाविष्ट असलेली वाढही करमुक्त राहते. त्या बदल्यात एक अट असते. हप्ते लवकर मागणे, पुढे ढकलणे, वाढविणे वा कमी करणे यांपैकी कशाचाही अधिकार लाभार्थीला नसतो. वर्षासनाची मालकीही त्याच्याकडे नसते. पैसा एका झटक्यात संपू नये, हाच या बंधनामागील हेतू.

विक्री का होते?

माणसाच्या गरजा करारातील तारखांप्रमाणे येत नाहीत. घराचा हप्ता थकतो, नोकरी जाते, कुटुंबात आजारपण उद्भवते. अशा वेळी पुढील वीस वर्षांचे हप्ते कागदावर असूनही हातात पैसा नसतो. ही अडचण हेरून १९९० च्या दशकात हप्ते विकत घेणाऱ्या कंपन्या पुढे आल्या आणि 'तुमचा पैसा तुम्हाला आजच मिळेल' या आशयाच्या जाहिराती दूरचित्रवाणीवर झळकू लागल्या.

या व्यवहाराचे सारे मर्म वटावाच्या दरात आहे. भविष्यातील रक्कम आज घ्यावयाची तर ती कमी होणार, हे उघड आहे. किती कमी होणार, हे दर ठरवितो. समजा, एखाद्या व्यक्तीला पुढील २० वर्षे दरमहा एक हजार डॉलर मिळावयाचे आहेत. एकूण रक्कम होते २ लाख ४० हजार डॉलर. वार्षिक ४ टक्के दराने तिचे आजचे मूल्य सुमारे १ लाख ६५ हजार डॉलर भरते. हाच दर १५ टक्के धरला, तर ते सुमारे ७६ हजारांवर येते. रक्कम जितकी दूरची, तितकी घट मोठी. वीस वर्षांनी एकरकमी मिळावयाच्या १ लाख डॉलरचे मूल्य ४ टक्के दराने सुमारे ४५ हजार ६०० डॉलर, तर १५ टक्के दराने अवघे ६ हजार १०० डॉलर होते. दोन दरांतील अकरा टक्क्यांचा फरक ऐकताना किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात मात्र त्यात आयुष्याची पुंजी वितळून जाते.

सुरुवातीच्या काळात या व्यवहारांवर देखरेख नव्हती. हप्त्यांचे हस्तांतर करारानुसार निषिद्ध असल्याने अनेकदा विमा कंपनीकडे लाभार्थीचा पत्ता बदलून धनादेश परस्पर खरेदीदाराकडे वळविले जात. आपण नेमके कोणत्या दराने विकले, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसे. 'गरजवंताला अक्कल नसते' ही म्हण अशाच व्यवहारांना लागू पडते.

कायद्याचा हस्तक्षेप

या विक्रीवर न्यायालयीन देखरेख आणणारा पहिला कायदा इलिनॉय राज्याने १९९७ मध्ये केला. त्यानंतर इतर राज्यांनी त्याचे अनुकरण केले. निर्णायक पाऊल मात्र संघराज्याच्या करकायद्याने उचलले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर दहशतवादाच्या बळींना करसवलत देणारा कायदा झाला व जानेवारी २००२ मध्ये त्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली. त्याच कायद्याने अंतर्गत महसूल संहितेत ५८९१ हे कलम घातले.

या कलमाने विक्रीवर सरळ बंदी घातली नाही. न्यायालयाची पूर्वसंमती न घेता हप्ते विकत घेणाऱ्यावर ४० टक्के अबकारी कर लादला. हा कर हप्त्यांची एकूण रक्कम आणि प्रत्यक्ष दिलेली किंमत यांतील फरकावर आकारला जातो. वरील उदाहरणात २ लाख ४० हजारांचे हप्ते ७६ हजारांना घेतले तर फरक होतो १ लाख ६४ हजार आणि कर होतो सुमारे ६५ हजार ६०० डॉलर. एवढा भुर्दंड सोसून व्यवहार करणे कोणालाच परवडणारे नसल्याने खरेदीदार कंपन्या स्वतःहून न्यायालयाची पायरी चढू लागल्या. राज्यांच्या कायद्यांनी संमतीविना झालेले हस्तांतर निष्प्रभ ठरविल्याने हे बंधन अधिक पक्के झाले.

अर्जापासून आदेशापर्यंत

तपशील राज्यागणिक बदलत असला, तरी बहुतेक कायदे एका नमुना कायद्याच्या धर्तीवर बेतलेले असल्याने प्रक्रियेचा सांगाडा सारखाच आहे. प्रथम खरेदीदाराने लाभार्थीला एक स्वतंत्र माहितीपत्रक द्यावयाचे असते. कोणते हप्ते विकले जात आहेत, त्यांची एकूण रक्कम किती, संघराज्याने ठरविलेल्या दराने त्यांचे आजचे मूल्य किती, खरेदीदार किती देणार, त्यातून कोणते खर्च वजा होणार आणि निव्वळ किती रक्कम हाती पडणार, हे त्यात नमूद करावे लागते. नमुना कायद्यानुसार हे पत्रक करारावर सही होण्याच्या किमान तीन दिवस आधी द्यावे लागते. न्यूयॉर्कमध्ये ही मुदत दहा दिवसांची आहे.

त्यानंतर खरेदीदार न्यायालयात अर्ज करतो आणि हप्ते देणारी विमा कंपनी व इतर संबंधितांना नोटीस देतो. नमुना कायद्यात सुनावणीपूर्वी किमान २० दिवसांची नोटीस अपेक्षित आहे. लाभार्थीला वकील, हिशेबनीस वा तत्सम स्वतंत्र तज्ज्ञाचा सल्ला घेण्याची लेखी सूचना दिलेली असावी लागते. त्याने सल्ला घेतला आहे किंवा जाणूनबुजून लेखी नाकारला आहे, याची खात्री न्यायालयाने करावयाची असते. अखेर सुनावणी होते. न्यायाधीश संमती देतात, नाकारतात किंवा अधिक माहिती मागवितात.

संमतीचा गाभा एका वाक्यात आहे. आश्रितांचे कल्याण व पालनपोषण लक्षात घेता हे हस्तांतर लाभार्थीच्या सर्वोत्तम हिताचे आहे, असा निष्कर्ष न्यायालयाने नोंदविणे आवश्यक असते. व्यवहार कोणत्याही कायद्याचा वा न्यायालयीन आदेशाचा भंग करीत नाही, हेही पाहिले जाते. न्यूयॉर्कसारख्या राज्यात याखेरीज वटावाचा दर आणि खर्च रास्त व वाजवी आहेत का, याचीही तपासणी करावी लागते.

'सर्वोत्तम हित' कशाला म्हणावयाचे?

या शब्दांची व्याख्या कायद्याने केलेली नाही. म्हणून न्यायाधीश परिस्थितीचा समग्र विचार करतात. पैसे कशासाठी हवेत, लाभार्थीचे वय व प्रकृती कशी आहे, उत्पन्नाचे दुसरे साधन आहे का, मुलेबाळे अवलंबून आहेत का, यापूर्वी काही हप्ते विकले आहेत का आणि या विक्रीनंतर काय शिल्लक राहते, असे प्रश्न त्यात येतात. बेघर होण्याची वेळ आलेल्या कुटुंबाने काही वर्षांचे हप्ते विकणे आणि मोटार घेण्यासाठी पुढील तीस वर्षांचे वैद्यकीय खर्चाचे हप्ते विकणे, या दोहोंना एकच माप लावता येत नाही. सारे हप्ते विकण्याऐवजी थोडेच विकून गरज भागते का, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

अडचण अशी की, या सुनावणीत विरोधक नसतो. एकाने बाजू मांडावी, दुसऱ्याने खोडून काढावी आणि न्यायाधीशांनी निवाडा करावा, या गृहीतावर तेथील न्यायदान उभे आहे. येथे मात्र विकणारा व घेणारा दोघेही संमतीच मागत असतात. विमा कंपनीला आपल्यावर दुहेरी देणे पडू नये एवढीच चिंता असते. तेवढी तरतूद झाली की ती सहसा आड येत नाही. परिणामी लाभार्थीच्या भविष्यकाळाची बाजू मांडणारे न्यायाधीशांखेरीज कोणीच उरत नाही. त्यांनी प्रश्न विचारले तर कायदा जागा असतो. न विचारले तर उरतो केवळ शिक्का.

बाल्टिमोरचा धडा

मेरिलँड राज्यातील बाल्टिमोर शहराने हे कटू सत्य समोर आणले. तेथील जुन्या घरांच्या रंगात शिसे असे. निवासी वापराच्या रंगातील शिशावर अमेरिकेत १९७८ मध्ये बंदी आली, पण जुन्या भिंती तशाच राहिल्या. त्या रंगाचे पोपडे व धूळ पोटात गेल्याने लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर कायमचा परिणाम होतो. अशा अनेक मुलांना घरमालकांवरील दाव्यांतून हप्तेबंद भरपाई मिळाली होती. ती मुले वयात आल्यावर खरेदीदार कंपन्या त्यांच्यापर्यंत पोहोचल्या.

'वॉशिंग्टन पोस्ट'ने ऑगस्ट २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तातील एका प्रकरणात सुमारे ५ लाख ७४ हजार डॉलरचे हप्ते विकले गेले होते. त्यांचे आजचे मूल्य सुमारे ३ लाख ३८ हजार डॉलर होते. विकणाऱ्या तरुणीच्या हाती पडले ६३ हजारांहून कमी. ज्या इजेबद्दल भरपाई मिळाली, तीच इजा करार समजून घेण्याच्या आड येत होती. तरीही या व्यवहारावर न्यायालयीन संमतीची मोहोर होती. २०१६ मध्ये मेरिलँडच्या महाधिवक्त्यांनी आणि त्यानंतर संघराज्याच्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने 'अ‍ॅक्सेस फंडिंग' या कंपनीवर दावे दाखल केले. 'स्वतंत्र' म्हणविला जाणारा सल्ला कंपनीनेच पैसे दिलेल्या वकिलाकडून मिळत होता, हा त्यांतील एक प्रमुख आरोप. त्याच वर्षी मेरिलँडने आपला कायदा कडक करून खरेदीदार कंपन्यांना महाधिवक्त्यांकडे नोंदणी सक्तीची केली.

भारतातील तुलना

भारतात हप्ते विकण्याचा असा बाजार नाही. पण भरपाईच्या पैशाचे रक्षण करण्याचा प्रश्न येथेही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या दशकात 'सुसम्मा थॉमस' खटल्यात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांना मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. अज्ञान मुलांची रक्कम ते सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत ठेवावी, निरक्षर दावेदारांची रक्कमही अशीच गुंतवावी, व्याज दावेदाराला थेट द्यावे आणि ठेवीवर कर्ज देऊ नये, असे त्यात सांगितले. त्याचबरोबर रिक्षा वा शेतीची अवजारे अशा उपजीविकेच्या साधनांसाठी एकरकमी पैसे देण्यास मुभाही ठेवली. मागणी खरी आहे, याची खात्री मात्र न्यायाधिकरणाने करावयाची होती. पुढे २०१२ मध्ये 'ए. व्ही. पद्मा' प्रकरणात याच न्यायालयाने ही तत्त्वे यांत्रिकपणे लावून गरजू, सुशिक्षित दावेदारांनाही पैसे नाकारले जात असल्याबद्दल नापसंती नोंदविली.

दोन्ही देशांचा अनुभव एकमेकांना पूरक आहे. अमेरिकेत न पाहता दिलेल्या संमतीने नुकसान झाले. येथे न पाहता दिलेल्या नकाराने अडवणूक झाली. दोन्हीकडे उणीव नियमात कमी आणि त्याच्या वापरात अधिक होती. न्यायालयाचा आदेश म्हणजे मिळालेला भाव उत्तम असल्याची ग्वाही, असा समज करून घेणे धोक्याचे ठरते. हप्ते विकू पाहणाऱ्याने एकाहून अधिक कंपन्यांकडून भाव मागविणे, माहितीपत्रकातील आजचे मूल्य आणि हाती पडणारी निव्वळ रक्कम शेजारी मांडून पाहणे आणि खरेदीदाराशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाला कागद दाखविणे, ही खबरदारी सुनावणीपूर्वीच घ्यावयाची असते. आदेशावर सही झाल्यावर ते हप्ते खरेदीदाराकडे जातात. इजा मात्र लाभार्थीकडेच राहते.