भाषेचा वर्ग आणि प्रयोगशाळेचे दार

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षस्थानी डॉ. अरुणा ढेरे होत्या. त्या मानाच्या त्या पाचव्या स्त्री मानकरी. आधीच्या चौघींची नावे आठवताना एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. त्यांतील तिघींनी महाविद्यालयात भाषेचेच अध्यापन केले होते : कुसुमावती देशपांडे यांनी इंग्रजीचे, शांता शेळके व विजया राजाध्यक्ष यांनी मराठीचे.

कुसुमावती आम्हा वैदर्भीयांना विशेष जवळच्या. जन्म अमरावतीचा, १९०४ चा. लंडनला इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन त्या परतल्या आणि १९३१ पासून नागपुरात शिकवू लागल्या. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ स्थापन होईपर्यंत यवतमाळची महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशीच संलग्न होती. म्हणजे ही वाट आमच्याच अंगणातून गेली.

विज्ञानाची वाट मात्र वेगळी. कमला भागवत (पुढे सोहोनी) १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेत पहिल्या आल्या. तरीही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. कारण एकच, त्या स्त्री होत्या. त्या हटल्या नाहीत. अखेर कडक अटींवर प्रवेश मिळाला आणि त्यांचे काम पाहून पुढे संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्या परतल्या, जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

हा भेद बुद्धीचा नव्हता. ग्रंथ घरीही वाचता येतो. प्रयोगशाळेत जागा कुणीतरी द्यावी लागते, आणि रात्री उशिरापर्यंत तेथे थांबण्यास घरच्यांची संमती लागते.

२०२०-२१ च्या उच्चशिक्षण सर्वेक्षणात देशातील सुमारे १५ लाख ५१ हजार अध्यापकांत स्त्रिया ४२.९ टक्के होत्या. आकडा समाधानाचा वाटतो. पण कोणत्या विषयात किती, हे त्या एका आकड्यात झाकून जाते. आमच्याकडे आईबाप मुलीच्या प्रवेशाविषयी विचारावयास येतात, तेव्हा बहुधा प्रश्नातच उत्तर असते : ‘फादर, तिला मराठीच घेऊ द्यावे ना? पोरीच्या जातीला बरे.’ मराठीवर आमचेही प्रेम आहे. तरी हल्ली आम्ही त्यांना बसावयास सांगतो आणि आधी मुलीला विचारतो.

कमलाबाईंनी पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले. ते कुपोषित आदिवासी बालकांच्या कामी आले. संस्थेचे संचालकपदही त्यांना लाभले, मात्र विलंबाने.