मिठाचे मोल : व्यापार, कर आणि अस्तेय

मीठ ही मानवी जीवनातील सर्वांत स्वस्त आणि तरीही सर्वांत अपरिहार्य वस्तूंपैकी एक होय. धान्य बदलता येते, वस्त्र जुने चालते, परंतु मिठाला पर्याय नाही. समुद्रकाठी ते मुबलक आणि दूरच्या प्रदेशात मात्र दुर्मीळ, या निसर्गाच्या विषम वाटणीतूनच मिठाचा व्यापार जन्मास आला. युरोपात ल्युनेबुर्गच्या मिठावर ल्युबेक नगरीचे वैभव उभे राहिले, व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने एड्रियाटिक किनाऱ्यावरील मिठाच्या व्यापाराची सूत्रे आपल्या हाती ठेवली, आफ्रिकेत तावदेनीच्या खाणींतील मिठाच्या लाद्या उंटांच्या काफिल्यांवरून टिंबक्टूपर्यंत गेल्या. जी वस्तू प्रत्येकाला घ्यावीच लागते तिच्यावर कर बसविणे राजसत्तेस सोपे जाते आणि तिचा साठा करणे व्यापाऱ्यास लाभदायक ठरते, हा या सर्व इतिहासांतील समान धागा आहे.

जैन आचारधर्मात मिठाचे स्थान वेगळ्याच कारणाने लक्षणीय आहे. शास्त्रांनी मिठाची गणना पृथ्वीकायात केली आहे. कच्चे मीठ सचित्त मानले जात असल्याने साधू-साध्वी ते ग्रहण करीत नाहीत. दिगंबर परंपरेत रसपरित्याग या तपात दूध, दही, तूप, तेल, साखर यांच्या बरोबरीने मीठ हाही एक रस गणला जातो आणि व्रतस्थ श्रावक-श्राविका ठराविक दिवशी त्याचा त्याग करतात. स्वेच्छेने मीठ सोडणे हे तप होय. परंतु भाव परवडत नाही म्हणून ज्याच्या भाकरीवर मीठ पडत नाही, त्याचे तप होत नाही, त्याची केवळ उपेक्षा होते. त्याग आणि वंचना यांतील हा भेद ध्यानी ठेवूनच भारतातील मिठाच्या व्यापाराचा इतिहास वाचावयास हवा.

आगर, घाट आणि लमाण

कोकणच्या खाजणजमिनीत बांध घालून भरतीचे पाणी अडवावे, उन्हाने ते आटवावे आणि उरलेले मीठ ओढून राशी घालाव्यात, ही पद्धत शतकानुशतके चालत आली आहे. उरण, पेण, वसई, भाईंदर या भागांतील आगरी समाजाचे नावच आगराशी जोडलेले आहे. हे मीठ घाट चढून देशावर नेण्याचे काम लमाणांचे तांडे करीत. बैलांच्या पाठीवरील गोण्यांतून मीठ वर जाई आणि परतीच्या वाटेने धान्य खाली येई. 'लमाण' हा शब्द 'लवण' या संस्कृत शब्दावरून आला, असे सांगितले जाते. प्रत्येक घाटावर, प्रत्येक नाक्यावर जकात पडत असल्याने किनाऱ्यापासून जसजसे अंतर वाढे तसतसा मिठाचा भावही चढे.

या व्यापारात राज्यकर्त्याने प्रजेच्या हिताचा विचार कसा करावा, याचे एक उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त पडे. व्यापारी तिकडे वळले तर संगमेश्वराकडील मीठ पडून राहील आणि स्वराज्यातील मिठागरे बुडतील, हे ओळखून छत्रपती शिवाजी महाराजांनी 1671 साली कुडाळच्या सरसुभेदारास पत्र लिहून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा दिली. परदेशी स्वस्त मालापासून देशी उत्पादकाचे रक्षण करण्याचा हा विचार होता. येथे जकातीचा हेतू उत्पादकास तारण्याचा होता. पुढील काळात मात्र जकातीचे रूप अगदी उलटे झाले.

कलकत्त्याचा लिलाव आणि लिव्हरपूलची गलबते

प्लासीच्या लढाईनंतर बंगालचा मिठाचा व्यापार ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत भरला. 1765 साली क्लाइव्हने मीठ, सुपारी व तंबाखू यांच्या व्यापारासाठी कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचे एक मंडळ स्थापन केले. संचालकांच्या विरोधामुळे ते 1768 साली मोडावे लागले. 1772 साली वॉरन हेस्टिंग्जने मिठाचे उत्पादन कंपनीच्या मक्तेदारीखाली आणले आणि 1780 पासून सरकारी एजंटांमार्फत ते चालविले जाऊ लागले. हिजली, तमलुक आणि सुंदरबनच्या परिसरात खारे पाणी चुलीवर आटवून मीठ करणाऱ्या मलंगींना उचल देऊन बांधून घेतले जाई आणि ठरीव दराने सारे मीठ कंपनीच्याच गोदामात जमा करावे लागे.

1788 पासून हे मीठ कलकत्त्यात जाहीर लिलावाने विकले जाऊ लागले. किती मीठ विक्रीस काढावयाचे हे कंपनीच ठरवी. माल कमी काढला की बोली चढे आणि कंपनीचा महसूल वाढे. लिलावात मोठ्या थोकांत माल उचलण्याचे सामर्थ्य मोजक्या धनिक व्यापाऱ्यांपाशीच असल्याने ते साठा दाबून ठेवीत आणि पुढे अनेक हातांतून फिरत तो माल खेड्यातील दुकानी पोहोचे तेव्हा भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट झालेला असे. वाढलेल्या भावाबरोबर भेसळही वाढली. मिठात माती, वाळू मिसळणे किरकोळ विक्रेत्यास फायदेशीर वाटू लागले. अखेर ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीने या पद्धतीची चौकशी केली आणि 1836 साली लिलाव बंद होऊन ठरीव दराने विक्री सुरू झाली.

लिलाव बंद झाला, तथापि मलंगीचे दैव फिरले नाही. इंग्लंडमधील चेशायर परगण्यात खाऱ्या पाण्याचे विपुल झरे आणि जवळच दगडी कोळसा असल्याने तेथे पांढरे, बारीक मीठ स्वस्तात तयार होई. लिव्हरपूलहून कलकत्त्यास येणाऱ्या गलबतांना परतीचा माल भरपूर मिळे, परंतु येताना पुरेसा माल नसे. रिकामे गलबत समुद्रात स्थिर राहत नाही. म्हणून तळाशी भार म्हणून मीठ भरले जाई आणि त्याचे भाडे नाममात्र पडे. बंगाली ग्राहकास उन्हात सुकविलेल्या जाड्या खड्यांपेक्षा आटविलेले पांढरे मीठच पसंत असल्याने या परदेशी मिठास तयार गिऱ्हाईक मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बंगालची बाजारपेठ झपाट्याने लिव्हरपूलच्या हाती गेली आणि 1863 च्या सुमारास सरकारने तेथील स्वतःचे उत्पादन बंद केले. ज्यांचे पोट त्यावर होते ते मीठ करणारे लोक ओरिसाच्या किनाऱ्यावर निराधार झाले. 1866 च्या ओरिसातील भीषण दुष्काळात सुमारे 10 लाख माणसे दगावली, त्यांत या लोकांची मोठी हानी झाली.

पुरवठादार बदलला की मक्तेदारीचे केंद्र बदलते, एवढेच व्यापाराचा पुढील इतिहास सांगतो. 1888 साली इंग्लंडमधील बहुतेक मीठ कारखानदारांनी एकत्र येऊन 'सॉल्ट युनियन' स्थापन केली व भाव वाढविले. भाव वाढताच एडन, पोर्ट सैद, जर्मनी आणि स्पेन येथील मीठ कलकत्त्याच्या धक्क्यावर उतरू लागले. एडन येथे एका इटालियन कंपनीने 1886 सालीच मिठागरे उभारली होती. मक्तेदाराने भाव चढविल्यास दूरचा प्रतिस्पर्धीही बाजारात उतरतो, हा घाऊक व्यापाराचा नियम येथे प्रत्ययास आला.

काटेरी कुंपण

उत्तर व मध्य हिंदुस्थानात चित्र निराळे होते. संस्थानी मुलुखातील स्वस्त मीठ ब्रिटिश हद्दीत करचुकवेगिरीने येऊ नये म्हणून सरकारने जकातीची एक सीमारेषाच आखली. 1869 पर्यंत ती सिंधू नदीपासून महानदीपर्यंत सुमारे 2,300 मैल पसरली होती आणि तिच्या रक्षणासाठी जवळजवळ 12,000 माणसे नेमलेली होती. शेकडो मैल बाभूळ, बोर, निवडुंग यांसारख्या काटेरी झाडांचे जिवंत कुंपण उभारण्यात आले. चिमूटभर मिठासाठी गरिबाची झडती घेणारे हे कुंपण 1879 साली मोडीत निघाले, ते काही दयेपोटी नव्हे. 1870 मध्ये सांभर सरोवर जयपूर व जोधपूर संस्थानांकडून भाडेपट्ट्याने घेण्यात आले, राजपुतान्यातील इतर मिठागरे करारांनी बंद वा नियंत्रित करण्यात आली आणि कर मिठाच्या उगमापाशीच वसूल होऊ लागला. कुंपणाची गरजच उरली नाही. गोव्याच्या मिठागरांवरही हेच संकट आले. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज तहान्वये तेथील मिठावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले आणि तह 1892 साली संपेपर्यंत गोव्याच्या या जुन्या व्यवसायास मोठी झळ सोसावी लागली.

मुंबई इलाख्यात 1837 पासून मणामागे 8 आणे कर होता. 1844 साली तो एकदम 1 रुपया करण्यात आला तेव्हा सुरत शहरात उग्र प्रक्षोभ झाला आणि सरकारला तो 12 आण्यांवर आणणे भाग पडले. त्याच सुरतेत 1848 साली बंगालची वजने-मापे लादण्याचा प्रयत्न झाला, तोही नागरिकांनी निर्धाराने बहिष्कार घालून परतविला. सत्याग्रह हा शब्द जन्मण्यापूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ आधी व्यापारी नगरीने दिलेला हा लढा स्मरणीय होय.

पुढे कराचा दर सरकारच्या तिजोरीच्या गरजेप्रमाणे खालीवर होत राहिला. 1882 साली मणास 2 रुपये असलेला कर 1888 साली अडीच रुपये झाला. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1902 साली कायदेमंडळातील आपल्या अर्थसंकल्पीय भाषणात हा कर कमी करण्याची मागणी केली. 1903 साली तो 2 रुपये, 1905 साली दीड रुपया आणि 1907 साली 1 रुपया झाला. 1916 साली तो सव्वा रुपया करण्यात आला. 1923 साली मध्यवर्ती कायदेमंडळाचा विरोध डावलून व्हाइसरॉयने तो दुप्पट केला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा सव्वा रुपयावर आणला. मिठागरावर ज्या मणभर मिठास काही आणे पडत, त्यावर त्याच्या कैक पटींनी कर होता, हे ध्यानात घेतले म्हणजे महात्माजींनी लढ्यासाठी मीठच का निवडले ते कळते.

कायदा आणि व्रत

6 एप्रिल 1930 रोजी दांडी येथे महात्मा गांधींनी मिठाचा कायदा मोडला. महाराष्ट्रात विलेपार्ले, वडाळा आणि शिरोडे येथे सत्याग्रह झाले. 21 मे रोजी धारासणा येथे निःशस्त्र सत्याग्रहींनी लाठ्यांचा वर्षाव हात न उचलता सोसला. गांधीजींच्या अहिंसाविचारावर श्रीमद् राजचंद्र यांचा खोल संस्कार होता, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

श्रावकाच्या दृष्टीने येथे एक सूक्ष्म प्रश्न उपस्थित होतो. अस्तेय अणुव्रताच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम हा एक अतिचार सांगितला आहे. राज्याचे नियम चुकवून, जकात बुडवून केलेला व्यवहार त्यात मोडतो. मग मिठाचा कायदा मोडणे व्रतभंग ठरते काय? उत्तर हेतूत आणि पद्धतीत आहे. जकात चुकविणारा अंधारात, स्वतःच्या नफ्यासाठी नियम मोडतो. सत्याग्रही दिवसाढवळ्या, पूर्वसूचना देऊन, एका पैचाही लाभ न घेता तो मोडतो आणि शिक्षा आनंदाने पत्करतो. पहिल्यात लोभ आहे, दुसऱ्यात अपरिग्रह आहे. शिवाय हीनाधिक मान-उन्मान, म्हणजे घेताना एक व देताना दुसरे माप वापरणे, आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे भेसळ, हेही अस्तेयाचेच अतिचार होत. कलकत्त्याच्या बाजारात साठा दाबून भाव चढविणारे आणि मिठात माती मिसळणारे कायद्याच्या कक्षेत राहिले असतील वा नसतील, व्रताच्या कक्षेबाहेर ते निश्चितच गेले होते. कायद्याने वैध ते सारे धर्म्य असतेच असे नाही, हा धडा मिठाच्या इतिहासाइतका स्पष्टपणे क्वचितच अन्यत्र मिळेल.

5 मार्च 1931 च्या गांधी-आयर्विन करारान्वये किनाऱ्यालगतच्या गावकऱ्यांना घरगुती वापरासाठी व गावातल्या गावात विकण्यासाठी मीठ गोळा करण्याची वा बनविण्याची मुभा मिळाली. मीठकर मात्र 1947 च्या एप्रिलमध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर रद्द झाला.

राशीमागचा माणूस

एकेकाळी लिव्हरपूलचे मीठ खाणारा हा देश स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच मिठाच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला. 1954 साली भावनगर येथे मीठ व सागरी रसायनांसाठी केंद्रीय संशोधन संस्था सुरू झाली. चीन व अमेरिका यांच्या पाठोपाठ भारत आज जगातील प्रमुख उत्पादक आहे आणि देशातील तीन-चतुर्थांशांहून अधिक मीठ एकट्या गुजरातेत पिकते. चीन, जपान, दक्षिण कोरिया हे भारतीय मिठाचे ग्राहक आहेत. त्यातील मोठा वाटा स्वयंपाकघरात न जाता कॉस्टिक सोडा व क्लोरीन यांच्या कारखान्यांत जातो. मीठ वजनाला जड आणि किमतीला हलके असल्याने त्याच्या घाऊक भावात वाहतुकीचा खर्चच प्रभावी ठरतो. जहाजभाडे वाढले की दूरचा ग्राहक तुटतो आणि त्याचा भार अखेरीस उत्पादकाच्या दरावर येतो.

हा भार सर्वांत शेवटी पोहोचतो तो कच्छच्या छोट्या रणात. तेथील अगरिया कुटुंबे पावसाळा संपल्यावर रणात उतरतात, जमिनीखालचे खारे पाणी उपसून वाफ्यांत सोडतात आणि उन्हाळ्यापर्यंत तेथेच राबतात. हंगामाच्या आरंभी व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी आणि हंगामाअखेर त्याने ठरविलेल्या दरात मीठ द्यावे, ही रीत मलंगींच्या कहाणीची आठवण करून देते. शहरातील ग्राहक पिशवीतील मिठासाठी जे मोल देतो, त्यातील अगदी अल्प अंश या हातांपर्यंत जातो. कर गेला, मक्तेदारी गेली, कुंपण गेले, परंतु राशीमागचा माणूस अद्याप राशीच्या सावलीतच आहे.

व्यापार हा जैन समाजाचा परंपरागत व्यवसाय आणि अणुव्रते ही त्या व्यवसायाची मर्यादा. खरेदीचा दर ठरविताना उत्पादकाच्या श्रमाचे मोल धरणे, गरजेच्या वस्तूचा साठा करून भाव न चढविणे, माप व माल दोन्ही शुद्ध राखणे, हे मिठाच्या दुकानापासून मोठ्या निर्यातगृहापर्यंत सर्वांना सारखेच लागू आहे. व्रताच्या दिवशी ताटातले मीठ बाजूला सारताना ज्याने ते पिकविले त्याला त्याचे न्याय्य दाम मिळाले की नाही, याचाही विचार श्रावकाच्या मनात यावा. त्या विचाराने रसत्यागाच्या तपाला अस्तेयाची जोड मिळेल.