आघातगुणन : एका संज्ञेचा आणि एका लेपाचा इतिहास

कणवेगवर्धकांचा इतिहास बहुधा ऊर्जेच्या चढत्या आकड्यांनी सांगितला जातो. अमुक वर्षी अमुक यंत्राने इतकी ऊर्जा गाठली व पुढच्या यंत्राने तिच्यावर मात केली, असा त्या कथनाचा क्रम असतो. ज्या नळीतून कणांची शलाका धावते, तिच्या आतील भिंतीस ह्या इतिहासात फारसे स्थान मिळत नाही. वस्तुतः कित्येक यंत्रांत किती कण सुखरूप फिरविता येतील, ह्याची मर्यादा ह्या भिंतीच्या वरच्या काही नॅनोमीटर जाडीच्या थरानेच घातलेली आहे. प्रस्तुत लेखात 'मल्टिपॅक्टिंग' ह्या संज्ञेच्या आधाराने ह्या उपेक्षित इतिहासाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

धातूवर इलेक्ट्रॉन आदळला असता धातूतून दुसरे इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, हे ऑस्टिन आणि स्टार्के ह्यांनी १९०२ मध्ये दाखविले. दर आघातामागे सरासरी किती इलेक्ट्रॉन निघतात, त्या प्रमाणास द्वितीयक उत्सर्जन-गुणक म्हणतात. अमेरिकन संशोधक फिलो फार्न्सवर्थ ह्यांनी १९३४ मध्ये ह्या घटनेचा मोठ्या कल्पकतेने उपयोग केला. दूरचित्रवाणीच्या त्यांच्या यंत्रात मिळणारा विद्युत्-प्रवाह अतिशय क्षीण होता. निर्वात नळीत समोरासमोर दोन पृष्ठभाग ठेवून त्यांच्यामध्ये उच्च वारंवारतेचा विद्युत्-दाब लावला, की इलेक्ट्रॉन त्या पृष्ठभागांमध्ये येरझारा घालू लागतात, आणि प्रत्येक आघातागणिक त्यांची संख्या वाढत जाते. ह्या साधनास त्यांनी 'मल्टिपॅक्टर' असे नाव दिले. 'अनेक' आणि 'आघात' ह्या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द त्यात सांधलेले आहेत. हे नाव एका उपयुक्त वस्तूचे होते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवली पाहिजे.

पुढे हीच घटना उच्च वारंवारतेच्या नळ्यांत व पोकळ्यांत, कोणी न बोलाविता, उपद्रव म्हणून उद्भवू लागली. १९५४ मध्ये हॅच आणि विल्यम्स ह्यांनी तिचे जे विवेचन केले, त्यात 'द्वितीयक इलेक्ट्रॉन अनुनाद' अशा आशयाची अधिक काटेकोर संज्ञा योजिली होती. परंतु रूढ झाला तो फार्न्सवर्थ ह्यांचाच शब्द. साधनाचे नाव घटनेस मिळाले, आणि वरदानाचे नाव व्याधीस चिकटले. भाषेच्या इतिहासात अर्थापकर्षाची उदाहरणे विपुल आहेत. येथे तो अपकर्ष पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत अवघ्या दोन दशकांत घडला.

वेगवर्धकाच्या नळीत विद्युत्-दाब पालटण्याचे काम खुद्द कणशलाकाच करते. प्रोटॉन अखंड धारेने न वाहता गुच्छागुच्छांनी जातात. जवळून जाणारा प्रत्येक गुच्छ नळीतील मोकळ्या इलेक्ट्रॉनांना ओढून पलीकडच्या भिंतीवर आपटवितो, आणि तेथून निघालेल्या नव्या इलेक्ट्रॉनांना पुढचा गुच्छ गाठतो. १९६० नंतरच्या दशकात नोवोसिबिर्स्क येथील प्रोटॉन-वलयात अशा इलेक्ट्रॉनांमुळे शलाका अस्थिर होत असल्याचे दिसून आले. १९७७ मध्ये ओस्वाल्ड ग्रोब्नर ह्यांनी जिनीव्हाजवळील सर्न संस्थेच्या संचयवलयात गुच्छबद्ध शलाका फिरविताना होणाऱ्या दाबवाढीचा उलगडा ह्याच यंत्रणेने केला. ह्या इलेक्ट्रॉन-मेघामुळे निर्वात बिघडतो, शलाका फैलावते, आणि अतिशीत यंत्रांत नको असलेली उष्णता साचते.

गुणकाचे महत्त्व साध्या गणिताने स्पष्ट होते. १०० इलेक्ट्रॉनांपासून आरंभ केला आणि गुणक १.५ असला, तर २० आघातांनंतर त्यांची संख्या ३ लाख ३२ हजारांवर जाते. गुणक ०.९५ असला, तर तितक्याच आघातांनंतर अवघे ३६ उरतात. प्रत्यक्षात काही इलेक्ट्रॉन वाटेतच गळतात, म्हणून धोक्याची सीमा १ च्या किंचित वर असते. सर्नच्या सुमारे ७ किलोमीटर परिघाच्या सुपर प्रोटॉन सिंक्रोट्रॉनमध्ये, २५ नॅनोसेकंदांच्या अंतराने गुच्छ सोडले असता, चुंबकांतील नळ्यांसाठी ही सीमा सुमारे १.३ आहे. हवेत राहिलेल्या पोलादाचा गुणक मात्र २ च्याही वर असतो.

इलेक्ट्रॉनांच्या सततच्या माऱ्याने पृष्ठभागाचा गुणक हळूहळू उतरतो. पण त्यासाठी यंत्राचा बहुमोल काळ खर्ची पडतो. टायटॅनियम, झिर्कोनियम व व्हॅनेडियम ह्यांचा वायुशोषक लेप गुणकारी असला, तरी तो कार्यक्षम होण्यासाठी नळी तापवावी लागते, आणि ह्या यंत्राच्या चुंबकांत ती सोय नाही. तेव्हा २००८ च्या सुमारास संशोधकांचे लक्ष अस्फटिकी कार्बनाकडे वळले. काजळी फारच थोडे द्वितीयक इलेक्ट्रॉन सोडते, हे निर्वात नलिकांच्या तंत्रज्ञांना जुनेच ज्ञान होते. नवी होती ती कृती : निष्क्रिय वायूच्या आयनांचा ग्रॅफाइटवर मारा करून उडालेले कार्बन अणू नळीच्या आत एक मायक्रोमीटरहूनही पातळ थरात बसवावयाचे. ह्या थरात हायड्रोजन शिरला तर गुणक वाढतो, म्हणून वायूच्या शुद्धतेस येथे विशेष महत्त्व आहे.

ह्या लेपाची परीक्षा तीन पायऱ्यांनी झाली. प्रथम लहान नमुन्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून गुणक मोजला. तो १ च्या आसपास आला. परंतु नखाएवढ्या तुकड्याचा गुण सहा मीटरांहून लांब नळीत सर्वत्र उतरला आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. म्हणून दुसऱ्या पायरीस चुंबकाच्या नळीत मध्यभागी तार ताणून तीत उच्च वारंवारतेची शक्ती सोडली, आणि मल्टिपॅक्टिंग मुद्दाम घडते का ते पाहिले. दाब चढला, की ते घडले असे समजावयाचे. फार्न्सवर्थ ह्यांची जुनी रचना येथे परीक्षकाच्या भूमिकेत परत आली, असे म्हणावयास हरकत नाही. तिसरी पायरी प्रत्यक्ष शलाकेची. लेप दिलेले व न दिलेले पृष्ठभाग यंत्रात बसवून इलेक्ट्रॉन-प्रवाह मोजला असता लेपित भागात मेघ दबल्याचे आढळले. २०११ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि २०१९–२०२० च्या दीर्घ विरामकाळात यंत्राच्या काही भागांतील नळ्यांना हा लेप देण्यात आला.

तांब्यावर पातळ थर देऊन त्याचे वर्तन पालटण्याची कल्पना महाराष्ट्रातील कणवेगवर्धकालाही परकी नाही. मुंबईस कुलाब्यातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने उभारलेल्या पेलेट्रॉनला जोडून, २००७ मध्ये पूर्ण झालेला अतिसंवाहक रेषीय वेगवर्धक आहे. त्याचे २८ अनुनादक तांब्याचे असून आतून त्यांवर शिशाचा सुमारे २ मायक्रोमीटरचा मुलामा आहे. ह्या मुलाम्याचा हेतू अतिसंवाहकता हा आहे, मल्टिपॅक्टिंगचे निवारण हा नव्हे. तथापि ह्या जातीच्या अनुनादकांत अल्प क्षेत्र असताना मल्टिपॅक्टिंग उद्भवतेच, आणि शक्ती पुरवून पृष्ठभागास त्यातून पार करावे लागते.

नाशिककरांस ही कल्पना अधिकच जवळची वाटावी. येथील भांडी बाजाराची कीर्ती तांब्यापितळेवर उभी आहे, आणि अशी भांडी स्वयंपाकास घ्यावयाची तर आतून कल्हई हवी. नवसागराने पृष्ठभाग शुद्ध करून त्यावर कथिलाचा थर फिरविणे, ही ती क्रिया. 'कल्हई' हा शब्द आपण अरबी-फारसीकडून घेतला. पण कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट पदार्थाचे जे होते, त्यास 'कळकणे' हे स्वतंत्र क्रियापद मराठीत आहे. अर्थात् साम्य मर्यादित आहे : कथिल रासायनिक संपर्क तोडते, कार्बन इलेक्ट्रॉनांचे उत्सर्जन कमी करतो. परंतु भांड्याचा गुण त्याच्या आतील थरावर अवलंबून असतो, हे तत्त्व दोहोंस समान आहे. सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये ज्या भागांत अपेक्षेहून अधिक उष्णता साचत होती, तेथील नळ्या काढून तपासल्या, तेव्हा त्यांच्या तांब्यावर क्युप्रिक ऑक्साइड आढळले व कार्बनाचे प्रमाण कमी दिसले. तेथील तांबेही एका अर्थी कळकलेच होते.

आता प्रश्न उरतो संज्ञेचा. 'मल्टिपॅक्टिंग' हा शब्द वर्गात तसाच उच्चारला, तर विद्यार्थ्याच्या हाती केवळ ध्वनी येतो. 'बहुआघात' म्हटले, तर आघात अनेक होतात एवढेच कळते. संख्या का वाढते, हे कळत नाही. म्हणून 'आघातगुणन' ही संज्ञा सुचवावीशी वाटते. तीत इष्ट-अनिष्टाचा निर्णय नाही, त्यामुळे ती फार्न्सवर्थ ह्यांच्या साधनास आणि वेगवर्धकाच्या व्याधीस सारखीच लागू पडते. शिवाय १.५ ने गुणणे हे जसे गुणन, तसेच ०.९५ ने गुणणे हेही गुणनच होय. म्हणजे कार्बनाचा लेप नेमके काय साधतो, तेही ह्याच शब्दाने सांगता येते. घटनेतील गणित संज्ञेत उतरले, तर विद्यार्थ्यास ती घटना स्वतःच्या भाषेत मांडता येईल, आणि परिभाषेकडून आपली अपेक्षा हीच असावी.