कंपनीच्या पिस्तुलांवरील मुद्रा व त्यांच्या अनुकृति

हिंगोली येथें 1819 पासून 1903 पर्यंत छावणी होती व हैदराबाद कंटिंजंटची फौज तेथें राहत असे. कळमनुरी त्या छावणीच्या शेजारचें गांव. त्यामुळें या भागांत कोणतेंहि जुनें पिस्तूल पुढें आलें कीं ‘हें छावणींतलें’ असें सांगण्याचा मोह होतो. परंतु सांगोवांगी हा पुरावा नव्हे. पुरावा चापाच्या पट्टीवर कोरलेला असतो, व तो पोथीच्या पुष्पिकेप्रमाणें वाचावा लागतो.

ईस्ट इंडिया कंपनीच्या चकमकी हत्यारांवर प्रथम हृदयाकृति मुद्रा असे. हृदयाचे खाने पाडून त्यांत व्ही, ई, आय, सी हीं रोमन अक्षरें घातलेलीं, व माथ्यावर इंग्रजी चाराच्या आंकड्यासारखें चिन्ह. येथील ‘व्ही’ हा जुन्या रोमन रीतीचा ‘यू’ होय. 1709 मध्यें दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचें एकीकरण झालें, त्या ‘युनायटेड’ कंपनीचें तें आद्याक्षर. मूळची ही मालाच्या गांठोड्यांवरील व्यापारी खूण. मुंबई इलाख्याच्या 1791 सालच्या तांब्याच्या नाण्यांवरहि तीच मुद्रा असून मागें तराजू आहे. ज्यांच्या संग्रहीं असें नाणें असेल त्यांनीं तें पिस्तुलाशेजारीं ठेवून पाहावें. सुमारें 1808 पासून हृदय जाऊन मागील पायांवर उभा, मुकुट धरलेला सिंह आला. तेव्हां सिंहाबरोबर 1790 सालासारखा आंकडा दिसल्यास दोन पोथ्यांचीं पानें एकत्र शिवलीं आहेत असें समजावें.

अनुकृतींचा प्रश्न याहून नाजूक आहे. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेसाठीं आग्र्यास सँगस्टर नांवाचा स्कॉटिश कारागीर विलायती धर्तीच्या बंदुका करीत असे. एकीस सुमारें दहा रुपये पडत. वायव्य सरहद्दीवरील लोहारांनीं तर विलायती मुद्राहि उठविल्या. रोमन लिपि न जाणणाऱ्या हातानें ‘टॉवर’ हा शब्द कोरला कीं अक्षरें उलटीं पडतात, एखादें गळतें. लिपिकाराच्या प्रमादांशीं परिचय असलेल्या वाचकांस हे दोष ओळखीचे वाटतील. अशा वस्तूस ‘खोटी’ म्हणून मोडींत घालणें हा मला अपराधच वाटतो; ज्या हातानें ती केली त्याचा दुसरा लेख बहुधा उरलेलाच नसतो.

अलीकडे शोभेसाठीं होणाऱ्या पिस्तुलांची गोष्ट निराळी. त्यांवरहि मुकुट, जी-आर व टॉवर असतेंच. पण अक्षरें यंत्राचीं, स्क्रूंचे आटे एकसारखे, गंज आम्लानें आणलेला, आणि पुष्कळदां कानाचें छिद्रच पाडलेलें नसतें. खऱ्या जुन्या पिस्तुलास तें छिद्र असतें, म्हणून कायद्याकडेहि पाहिलें पाहिजे. 1959 च्या शस्त्र-कायद्याच्या 45 व्या कलमांतील सूट जुनेपणामुळें आपोआप मिळत नाहीं. दुरुस्त करूनहि जें चालणार नाहीं अशाच जुन्या हत्यारास ती आहे.

पट्टी विटकरीच्या पुडीनें घासूं नये. मुद्रा उथळ असते, व एकदां पुसली कीं गेली. पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीनें ठसा घ्यावा व त्यावर मोजमाप लिहून ठेवावें.