गळ, दोर आणि अल्बाट्रॉस : समुद्रपक्ष्यांच्या संरक्षणाचा इतिहास

प्रस्तावना

पर्यावरणाचा इतिहास शिकताना आपण बहुधा जंगल, नदी आणि शेतजमीन यांच्याविषयी वाचतो. भर समुद्रात काय घडले याची नोंद फार कमी असते, कारण तिथे गाव नसते, तलाठी नसतो आणि साक्षीदारही नसतो. प्रस्तुत पाठात अशाच एका कमी नोंदल्या गेलेल्या घटनाक्रमाचा विचार केला आहे. माशांसाठी टाकलेल्या गळांत अडकून समुद्रपक्षी मरतात, हे जगाला केव्हा आणि कसे कळले? ते थांबवण्यासाठी कोणते उपाय निघाले? त्यांपैकी कोणते यशस्वी झाले आणि कोणते अपुरे पडले? या प्रश्नांच्या केंद्रस्थानी अल्बाट्रॉस हा पक्षी आहे.

अल्बाट्रॉसच्या एकूण २२ जाती मानल्या जातात. त्यांतील भटक्या अल्बाट्रॉसच्या पंखांचा विस्तार साडेतीन मीटरपर्यंत असतो. हा पक्षी दीर्घायुषी असून त्याची वीण अतिशय संथ असते. भटक्या अल्बाट्रॉसची मादी साधारण दोन वर्षांतून एकदा एकच अंडे घालते आणि पहिली वीण होण्यास दहा वर्षांच्या आसपास काळ लागतो. पिलाला वाढवण्यासाठी नर आणि मादी दोघांचीही गरज असते. त्यामुळे एक प्रौढ पक्षी मेला की त्या वर्षीचे पिलूही बहुधा जाते. दरवर्षी थोडे जास्त प्रौढ पक्षी मरू लागले तरी काही दशकांत संपूर्ण वसाहत ओसरते. पुढील सर्व इतिहास समजून घेण्यासाठी ही जीवशास्त्रीय बाब लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

१. पहिला टप्पा : हेतुपुरस्सर शिकार

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत दक्षिण महासागरातून जाणारे खलाशी अल्बाट्रॉस पकडत असत, तेही बहुतेकदा गळ आणि दोरीनेच. ताजे मांस हा एक हेतू होता आणि कंटाळा घालवणे हा दुसरा. पायांच्या कातड्यापासून तंबाखूच्या पिशव्या आणि पंखांच्या पोकळ हाडांपासून चिलमीच्या नळ्या केल्या जात. मात्र शिडाच्या जहाजांवरील ही शिकार मर्यादित होती.

खरे संकट पिसांच्या व्यापाराने आणले. जपानच्या दक्षिणेस असलेल्या तोरिशिमा या ज्वालामुखी बेटावर १८८७ पासून पिसांसाठी आखूडशेपटी अल्बाट्रॉसची कत्तल सुरू झाली. पुढील दीड दशकात सुमारे ५० लाख पक्षी मारले गेले असा अंदाज आहे. १९०२ मध्ये ज्वालामुखीचा उद्रेक होऊन बेटावरील सव्वाशे रहिवासी मृत्युमुखी पडले. तरीही ही जात सावरली नाही. १९४९ मध्ये ती नष्ट झाल्याचे मानले गेले. १९५१ मध्ये मात्र त्याच बेटावर दहाच्या आसपास पक्षी आढळले. त्यांचे संरक्षण झाले आणि आज ही संख्या काही हजारांवर पोहोचली आहे.

हेतुपुरस्सर शिकारीवर कायदा हा सरळ उपाय होता. ब्रिटनमध्ये १८६९ साली समुद्रपक्षी संरक्षण कायदा झाला आणि विणीच्या काळात त्यांना मारण्यास बंदी आली. या कायद्यामागचे गृहीतक असे होते की मारणाऱ्याला पक्षी मारायचा आहे, म्हणून त्याला रोखले की काम झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेच गृहीतक निरुपयोगी ठरले.

२. दुसरा टप्पा : लांब दोरीची मासेमारी

दुसऱ्या महायुद्धानंतर ट्यूना, म्हणजे कोकणातल्या कुप्याच्या कुळातील मोठे मासे, पकडणारा जपानी ताफा वेगाने विस्तारला. १९५० च्या दशकापासून तो दक्षिणेकडील पाण्यात पोहोचला. या ताफ्याचे तंत्र ‘लाँगलाइन’ या नावाने ओळखले जाते. एक मुख्य दोर, त्याला ठरावीक अंतरावर जोडलेल्या आखूड दोऱ्या आणि प्रत्येक दोरीच्या टोकाला आमिष लावलेला गळ अशी त्याची रचना असते. मुख्य दोर शंभर किलोमीटरपर्यंत लांब असू शकतो आणि एका वेळी दोन-तीन हजार गळ पाण्यात जातात.

अपघात कसा घडतो हे पाहू. धावत्या जहाजाच्या मागच्या बाजूने दोर सोडला जातो. आमिष लावलेला गळ लगेच बुडत नाही. तो काही काळ पृष्ठभागाजवळ राहतो. जहाजामागे घिरट्या घालणारे पक्षी ते आमिष गिळतात, गळ चोचीत किंवा घशात रुततो आणि दोराच्या वजनाबरोबर पक्षी खाली ओढला जाऊन बुडतो. दोर वर घेतानाही पक्षी अडकतात, पण तेव्हा ते जखमी असले तरी जिवंत असू शकतात.

येथे एक विरोधाभास नोंदवला पाहिजे. प्रचंड वाहत्या जाळ्यांमुळे डॉल्फिन, कासवे आणि पक्षी मरतात म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९१ मध्ये ठराव केला आणि १९९२ च्या अखेरीपासून खुल्या समुद्रात अशा जाळ्यांवर स्थगिती आली. त्या तुलनेत गळाची मासेमारी निवडक आणि म्हणून सौम्य समजली जात होती. तळ खरवडला जात नव्हता, लहान मासे फारसे मरत नव्हते. तिचा दोष हवेतून येणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत होता आणि तो किनाऱ्यावरून दिसत नव्हता.

३. तिसरा टप्पा : मोजणी

संशयाची सुरुवात जहाजावर न होता बेटांवर झाली. दक्षिण जॉर्जियाजवळील बर्ड बेटावर ब्रिटिश शास्त्रज्ञ आणि हिंदी महासागरातील क्रोझे बेटांवर फ्रेंच शास्त्रज्ञ अनेक वर्षे पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांची गणना करत होते. घरटी सुरक्षित होती, बेटे निर्मनुष्य होती, तरीही प्रौढ पक्षी परत येत नव्हते. १९८० च्या दशकात या घटीचा संबंध मासेमारीशी जोडला जाऊ लागला.

निर्णायक पुरावा टास्मानियातील नायजेल ब्रदर्स यांनी दिला. जपानी जहाजांवर निरीक्षक म्हणून राहून त्यांनी अडकलेल्या पक्ष्यांची नोंद केली. दर हजार गळांमागे सरासरी ०.४१ पक्षी मरतात असे त्यांना आढळले. हा आकडा क्षुल्लक वाटतो. हजार गळांत एक पक्षीसुद्धा नाही. परंतु दक्षिण महासागरात हा ताफा वर्षाला दहा कोटींहून अधिक गळ टाकत होता. गुणाकार केल्यावर वर्षाला सुमारे ४४,००० अल्बाट्रॉस एवढी संख्या आली. हा निबंध १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला.

एका जहाजावरच्या मच्छीमाराला दिवसाला एखाद-दुसरा मेलेला पक्षी दिसे, कधी एकही नाही. त्याच्या अनुभवात हे संकट नव्हतेच. ते केवळ बेरजेत दिसत होते. पुढे असेही आढळले की दोर सोडताना अडकलेल्या पक्ष्यांपैकी सुमारे निम्मेच दोर वर घेताना हाती लागतात. उरलेले मधल्या काळात गळून पडतात. म्हणजे जहाजावरची नोंद प्रामाणिक असली तरी ती निम्मी असते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानुसार लाँगलाइनमुळे वर्षाला किमान १,६०,००० आणि कदाचित ३,२०,००० हून अधिक समुद्रपक्षी मरत होते.

ब्रदर्स यांच्या निबंधात आणखी एक मुद्दा होता. पक्ष्याने आमिष खाल्ले की त्या गळाला मासा लागत नाही. म्हणजे पक्षी वाचवणे हे मच्छीमाराच्याही हिताचे होते. या युक्तिवादामुळे वादाचे स्वरूप बदलले.

४. चौथा टप्पा : साधे उपाय

उपायांपैकी सर्वांत प्रसिद्ध उपाय प्रयोगशाळेतून आला नाही. जपानी मच्छीमार आमिष वाचवण्यासाठी जहाजाच्या मागच्या बाजूस उंच काठी लावून तिच्यापासून एक दोरी सोडत आणि तिला रंगीत फिती बांधत. वाऱ्याने फडफडणाऱ्या फितींना पक्षी बिचकत. जपानी भाषेत ‘तोरी’ म्हणजे पक्षी, म्हणून हिला ‘तोरी लाइन’ म्हणतात. शेतातल्या बुजगावण्याचेच हे समुद्रावरचे रूप होय.

याशिवाय दोन मुख्य उपाय रूढ झाले. पहिला म्हणजे रात्री दोर सोडणे, कारण अल्बाट्रॉस प्रामुख्याने दिवसा खातात. दुसरा म्हणजे दोऱ्यांना वजन लावणे, म्हणजे गळ लवकर बुडतो. एकच उपाय मात्र पुरत नाही. पांढऱ्या हनुवटीचे पेट्रेल पक्षी रात्रीही खातात आणि खोल बुडी मारून आमिष वर आणतात. मग तेच आमिष अल्बाट्रॉस हिसकावतो. म्हणून हे उपाय एकत्र वापरावे लागतात. अलास्कात झालेल्या चाचण्यांत दोन तोरी लाइन जोडीने लावल्यावर पक्षी अडकण्याचे प्रमाण ८८ ते १०० टक्क्यांनी घटले आणि माशांची पकड कमी झाली नाही.

जिवंत अडकलेल्या पक्ष्याबाबतही पद्धत ठरत गेली. दोरी हिसकायची नाही, पक्ष्याला जाळीच्या झोळीने वर घ्यायचे, अंगावर कापड टाकून शांत करायचे, गळाचे काटेरी टोक कापून मग गळ काढायचा. गळ खोल गिळलेला असेल तर ओढण्याऐवजी दोरी शक्य तितकी जवळून कापायची. जहाजावरून फेकल्या जाणाऱ्या माशांच्या डोक्यांत राहिलेले गळही पिलांच्या पोटात जात असत, म्हणून दक्षिण महासागरात ते आधी काढून टाकण्याचा नियम झाला.

५. पाचवा टप्पा : नियम आणि अंमलबजावणी

अंटार्क्टिक सागरी सजीवांच्या संवर्धनासाठी १९८२ पासून कार्यरत असलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९१ मध्ये पक्ष्यांच्या संरक्षणाचे पहिले नियम केले. दक्षिण जॉर्जियाभोवतीच्या टूथफिश मासेमारीत १९९७ साली सुमारे पावणेसहा हजार पक्षी मेले होते. त्यानंतर मासेमारी हिवाळ्यापुरती मर्यादित करण्यात आली, प्रत्येक जहाजावर निरीक्षक आले आणि काही वर्षांतच ही संख्या दोन आकड्यांपर्यंत खाली आली.

ऑस्ट्रेलियाने १९९५ मध्ये लाँगलाइन मासेमारी हा वन्यजीवांना असलेला प्रमुख धोका म्हणून कायद्याखाली नोंदवला. १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने आंतरराष्ट्रीय कृती आराखडा स्वीकारला, परंतु तो ऐच्छिक होता. २००१ मध्ये अल्बाट्रॉस आणि पेट्रेल संवर्धन करार सह्यांसाठी खुला झाला आणि २००४ पासून अमलात आला.

नामिबियाचे उदाहरण विशेष अभ्यासण्याजोगे आहे. तेथे २००९ मध्ये हेक मासे पकडणाऱ्या लाँगलाइन ताफ्यात सुमारे २२,००० पक्षी मेल्याचा अंदाज होता. प्रशिक्षकांनी जहाजांवर जाऊन तोरी लाइनचा वापर शिकवला, वॉल्विस बे येथील महिलांच्या एका गटाने या दोऱ्या बनवण्याचे काम हाती घेतले आणि २०१५ मध्ये त्यांचा वापर कायद्याने सक्तीचा झाला. २०१८ पर्यंत मृत्यूंची संख्या सुमारे २०० वर आली, म्हणजे ९८ टक्क्यांहून अधिक घट झाली. पटवून देणे, साधन हाताशी असणे आणि सक्ती या तीन गोष्टी येथे एकत्र आल्या.

६. हिंदी महासागर आणि उरलेला प्रश्न

भारत या अल्बाट्रॉस कराराचा सदस्य नाही. मात्र हिंदी महासागर ट्यूना आयोगाचा तो सदस्य आहे. या आयोगाने २०१२ मध्ये ठराव केला की २५ अंश दक्षिण अक्षांशाच्या खाली लाँगलाइन जहाजांनी तोरी लाइन, रात्रीची मासेमारी आणि वजनदार दोर यांपैकी किमान दोन उपाय वापरलेच पाहिजेत. आपला किनारा या रेषेपासून दूर असला तरी नियम ठरवणाऱ्या टेबलाभोवती भारताची खुर्ची आहे. याच महासागरातील अ‍ॅमस्टरडॅम बेटावर, आणि केवळ तिथेच, वीण करणारी अल्बाट्रॉसची एक जात १९८३ मध्ये शास्त्रीयदृष्ट्या वर्णिली गेली. तेव्हा तिच्या वर्षाला जेमतेम पाच जोड्या वीण करत होत्या. आज हा आकडा काही डझनांपर्यंत गेला आहे. इतक्या छोट्या समूहात वर्षाला मोजके पक्षी गळाला लागले तरी जात संपू शकते.

दक्षिण जॉर्जियाची कथाही यशावर संपत नाही. तेथील पाण्यात पक्षी मरणे जवळजवळ थांबले, तरीही बर्ड बेटावरील भटक्या अल्बाट्रॉसची संख्या १९६० च्या दशकाच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आली आहे. कारण पक्षी एकाच आयोगाच्या हद्दीत राहत नाही. अन्नासाठी तो हजारो किलोमीटर फिरतो आणि जिथे निरीक्षक नाहीत त्या पाण्यात मरतो. एका देशाने किंवा एका आयोगाने काटेकोर वागून भागत नाही.

समारोप

एकोणिसाव्या शतकातील कायद्याने पक्षी मारणाऱ्याला रोखले. विसाव्या शतकातील प्रश्न पक्षी मारण्याची इच्छाच नसलेल्या माणसाचा होता. त्यामुळे बंदी घालण्यापेक्षा कामाची पद्धत बदलणे महत्त्वाचे ठरले. हा बदल तीन पायऱ्यांनी झाला : आधी मोजणी, मग स्वस्त साधन आणि शेवटी तपासणीसह नियम. साधन तर मच्छीमारांकडे आधीपासूनच होते. मोजणीने त्याची निकड दाखवली आणि नियमाने ते सर्वांच्या जहाजांवर नेले. जिथे तपासणी नाही तिथे उत्तर माहीत असूनही पक्षी मरत आहेत. या विषयात आता ज्ञानाची उणीव फारशी उरलेली नाही. उणीव आहे ती भर समुद्रात लक्ष ठेवणाऱ्या डोळ्यांची.

विचारासाठी प्रश्न

१. हेतुपुरस्सर शिकार आणि अनवधानाने होणारे मृत्यू यांच्यासाठी वेगवेगळ्या प्रकारचे कायदे का लागतात?

२. दर हजार गळांमागे ०.४१ पक्षी या आकड्यावरून वार्षिक अंदाज कसा काढला गेला? असा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी असण्याची कारणे कोणती?

३. नामिबिया आणि दक्षिण जॉर्जिया यांच्या अनुभवांतील साम्य आणि फरक स्पष्ट करा.

४. आपल्या परिसरातील मासेमारीत अनवधानाने कोणते जीव सापडतात? स्थानिक मच्छीमारांशी बोलून एक टिपण तयार करा.